शंभर गोळ्यांत एक

मुंबई लोकलचे आठ डबे डोळ्यांसमोर आणा. साधारण तेवढी, म्हणजे १६९ मीटर लांब होती ‘अकिलिस’ ही क्रूझर जातीची युद्धनौका. १९३२ मध्ये इंग्लंडातल्या बर्कनहेडच्या गोदीतून ती पाण्यात उतरली. पोटात ७२,००० अश्वशक्ती! आपल्या रेल्वेचं जुनं डिझेल इंजिन २,६०० अश्वशक्तीचं. तशी अठ्ठावीस जुंपावी तेव्हा हा आकडा गाठता येतो. सात हजार टनांचं धूड त्या जोरावर ताशी साठ किलोमीटरने धावे. क्रूझरचं चिलखत बेताचंच. तिचा खरा भरवसा वेगावर.

१३ डिसेंबर १९३९ला दक्षिण अमेरिकेजवळ, ला प्लाता नदीच्या मुखापुढे, तिची गाठ जर्मन युद्धनौका ‘ग्राफ श्पे’शी पडली. अकिलिसचा गोळा ५१ किलोचा, श्पेच्या मोठ्या तोफेचा ३०० किलोचा. अकिलिसच्या आठही तोफा एकदम डागल्या तर जेमतेम ४०८ किलो लोखंड सुटे, श्पेच्या सहा मोठ्या तोफांतून १,८००. सोबतच्या ‘एजॅक्स’ आणि ‘एक्सेटर’ धरूनही बेरीज पंधराशेच्या आसपासच. कागदावर हे भांडण लावायलाच नको होतं.

तरी ऐंशी मिनिटांच्या झुंजीत अकिलिसने बाराशेवर गोळे झाडले. दर चार सेकंदांना एक! म्हणजे तेवढ्या वेळात साठ टन लोखंड हवेत. एजॅक्सचे धरून दोन हजारांवर गोळे गेले. त्यांतले श्पेला लागले वीसच्या आतबाहेर. शंभरात एक. पण तेवढ्याने आणि एक्सेटरच्या माऱ्याने श्पे माँटेव्हिडिओ बंदरात शिरली आणि लढाईनंतर चार दिवसांनी तिच्याच कप्तानाने तिला बुडवली. अकिलिसला थेट गोळा एकही लागला नाही, मात्र जवळ फुटलेल्यांच्या चिरफाळ्यांनी चार जण गेले. अकिलिसचे कप्तान पॅरी यांच्या पायांतही तुकडे घुसले.

१९४८ मध्ये हीच क्रूझर भारताने घेतली आणि ‘दिल्ली’ नाव दिलं. योगायोग असा की त्याच वर्षी आपल्या नौदलाची सूत्रं हाती आली ती याच पॅरींच्या. या लढाईवरच्या १९५६च्या सिनेमात ‘दिल्ली’ने ‘अकिलिस’ची, म्हणजे स्वतःचीच, भूमिका केली. १९६१ला दीवच्या पोर्तुगीज ठाण्यावर तिच्या तोफा पुन्हा धडाडल्या.

१९७८ मध्ये ती निवृत्त झाली आणि मुंबईत भंगारात निघाली. तोफांचा एक मनोरा मात्र, ती पूर्वी ज्या न्यूझीलंडच्या नौदलात होती, त्याच्या ऑकलंडमधल्या तळाच्या दारात अजून उभा आहे.