सिलतरा : भाताच्या बांधापासून पोलादाच्या भट्टीपर्यंत

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, धरसींवा तालुक्यात सिलतरा हे गाव वसले आहे. आज हे नाव उच्चारताच स्पंज आयर्नचे कारखाने आणि धुराडी डोळ्यांसमोर येतात. परंतु या भूमीची जुनी ओळख भाताची होय.

मध्ययुगात हा प्रदेश कलचुरींच्या रायपूर शाखेच्या अमलाखाली होता. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांनी छत्तीसगडवर स्वारी केली. १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून कारभार पाहिला. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू यांनी मुख्यालय रायपूरला हलविले आणि १८५४ मध्ये नागपूर संस्थानच खालसा झाले. राजवटी बदलल्या, तरी शेताची रीत फारशी बदलली नाही.

येथील शेतकरी जमिनीचे भाठा, मटासी, डोरसा आणि कन्हार असे प्रकार मानतात व त्यानुसार वाण निवडतात. पेरलेल्या भातात सुमारे महिनाभराने, पाणी साचले असता नांगर फिरविण्याच्या पद्धतीस ‘बियासी’ म्हणतात. यामुळे तण दबते व रोपे विरळ होतात. कापणीपूर्वी उभ्या भातात लाखोळी फोकण्याची पद्धत ‘उतेरा’ होय. उरलेल्या ओलाव्यावर दुसरे पीक घेण्याचे हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे.

या शेतांखाली चुनखडक आहे. जवळच्या मांढर येथे १९७० मध्ये सिमेंट कारखाना सुरू झाला. पुढे सिलतरा औद्योगिक क्षेत्र विकसित झाले. २००० मध्ये छत्तीसगड राज्य स्थापन झाले आणि पोलाद उद्योगास अधिक वेग आला. रोजगार वाढला, तसाच काळ्या धुळीचा प्रश्नही उभा राहिला. पानांवर धूळ बसली की प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि त्याचा फटका उत्पादनास बसतो.

डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात रायपूर येथे भाताचे हजारो स्थानिक वाण जमविले. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात हा ठेवा जतन केला जातो. मात्र शीतगृहातील वाणाला बदलत्या पावसाशी व किडींशी जुळवून घेण्याची संधी मिळत नाही. ती शेतातच मिळते. म्हणून कारखान्यांलगत उरलेल्या शेतांचे नियमित माती व पाणी परीक्षण, बांधावर दाट वृक्षपट्टा आणि स्थानिक वाणांची दरवर्षी थोडी तरी लागवड, एवढे तरी व्हावयास हवे.