दूरची ओळखही कामाची



बारावीच्या वर्गात "पुढे काय करणार?" असे विचारले की उत्तरे ठरलेली असतात. पोलीस, पटवारी, शिक्षक, बँक, डॉक्टर, इंजिनिअर. यात मुलांचा दोष नाही. जी कामे रोज दिसतात तीच ती सांगतात. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात बॉयलर सांभाळणारे, प्रयोगशाळेत नमुने तपासणारे, खरेदी-विक्रीचा हिशेब पाहणारे लोक लागतात, पण ते काय शिकून तिथे पोहोचले हे सौंसरच्या मुलांनासुद्धा माहीत नसते.

आपल्याकडे नोकरी शोधायची म्हणजे नागपूरच्या मामांना फोन करायचा. ही रीत वाईट नाही. पण मामांना जी जागा ठाऊक, ती बहुधा आपल्या घरीही ठाऊक असते. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने हीच गोष्ट दाखवली. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारले, ती ओळख किती जवळची? सहापैकी एकाचीच त्या माणसाशी वारंवार भेट होत होती. बाकीच्यांच्या भेटी अधूनमधून किंवा क्वचितच होत. नवी बातमी आपल्या गोतावळ्याच्या बाहेरून येते, ती अशी.

इंटरनेटवर ही दूरची ओळख करून देण्याचे काम लिंक्डइन करते. ही वेबसाइट २००३ मध्ये सुरू झाली आणि २०१६ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची आहे. ती २०२१ मध्ये हिंदीत आणि २०२४ मध्ये मराठीत आली, तरी लोक आपली माहिती बहुतेक इंग्रजीतच लिहितात. माझ्यासारख्या हिंदी माध्यमातून शिकलेल्याला सुरुवातीला ते जड जाते, पण इंग्रजी साधे असते. नौकरी डॉट कॉमवर आपण मुख्यतः जाहिराती पाहतो. इथे माणसे दिसतात. कोण कुठे शिकला, पहिली नोकरी कोणती केली, आज कुठे आहे, सगळे क्रमाने लिहिलेले असते. अन्नप्रक्रियेच्या क्षेत्रातील दहा माणसांची अशी माहिती वाचली तरी आपल्या संत्र्यावर पोट भरणारे किती प्रकारचे शिक्षण आहे ते कळते. अर्ज करण्याआधी हे वाचन करावे, असे माझे मत आहे.

मग एखाद्याला लिहावे. "मला नोकरी द्या" असे लिहू नये, कोणी उत्तर देत नाही. असे लिहावे : "नमस्कार सर, मी पांढुर्ण्याचा, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. आपण गुणवत्ता तपासणीचे काम करता. त्यासाठी कोणता विषय पक्का असावा, एवढे सांगाल का?" गावाचे नाव जरूर टाकावे. नागपूर-पुण्याकडे गेलेला आपल्या भागातला माणूस ते वाचून थांबतो.

२०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात लिंक्डइनच्या २ कोटी सदस्यांवरील अभ्यास छापून आला. अगदी जवळच्यांपेक्षा थोड्या दूरच्या ओळखींचा नोकरी बदलताना जास्त उपयोग झाला. मात्र ज्या धंद्यांत संगणकाचे काम कमी, तिथे जवळच्या ओळखीच जास्त उपयोगी ठरल्या. तेव्हा मामांचा नंबर मिटवू नका!

पालकांची, विशेषतः मुलींच्या पालकांची, काळजी योग्य आहे. १६ वर्षांखालील मुलांना तिथे खाते उघडता येत नाही. फोटो लावलाच पाहिजे असे नाही, आणि लावला तर तो कोणाला दिसावा हे ठरवता येते. मोबाईल नंबर व घरचा पत्ता लिहू नये. कोणी नोंदणी फी, प्रशिक्षणाची ठेव किंवा ओटीपी मागितला तर ती नोकरी नव्हे, फसवणूक समजावी. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा. पैसे न लागता नोंदणी करायची असेल तर केंद्र सरकारचे नॅशनल करिअर सर्व्हिस हे पोर्टल २०१५ पासून आहे. स्वतः जमत नसेल तर शाळेच्या संगणक कक्षात शिक्षक मदत करतील.

विश्वस्त मंडळाला एक विनंती आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांची यादी कार्यालयात आहे, पण ते आज काय काम करतात याचा रकाना त्यात नाही. तो या सत्रात भरून घ्यावा. ज्या माजी विद्यार्थ्यांची मुलांच्या प्रश्नांना उत्तर देण्याची तयारी असेल, त्यांनी आपले नाव, काम व शहर शाळेच्या कार्यालयात कळवावे. संमतीशिवाय कोणाचाही नंबर मुलांना दिला जाणार नाही.