तीन मुलूख, एक मंडळी

नगरचा रस्ता माळशेज घाट उतरून मुरबाडला येतो, नाशिकचा कसारा घाट उतरून शहापूरला. नगर हा अमेरिकन मराठी मिशनचा मुलूख. नाशिकजवळ शरणपूरला अँग्लिकन पंथाच्या चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत. आणि शहापूरला लागून असलेल्या वाड्यापासून डहाणूपर्यंत चर्च ऑफ द ब्रदरन या अमेरिकी पंथाचं काम. मिशनांनी आपापसात मुलूख वाटून घेतले होते. त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाचा पंथ बहुधा त्याच्या तालुक्यावरून ठरला. ज्या वादांतून हे पंथ फुटले, ते युरोपातले होते. इथल्या माणसांच्या वाट्याला नुसती फूट आली.

ती सांधण्याची धडपडही इथलीच. रेव्हरंड नारायण वामन टिळक अमेरिकन मिशनचे, पण त्यांची भजनं 'उपासनासंगीत' या गीतसंग्रहातून पंथोपंथीच्या मंडळ्यांत पोचली. १९१७ साली साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त तिथे बंधू म्हणून एकत्र आले.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. अँग्लिकन आणि ब्रदरन दोघेही तीत होते. सगळ्यात अवघड प्रश्न बाप्तिस्म्याचा. अँग्लिकन तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा देतात. ब्रदरन जाणत्या वयात, विश्वास कबूल केल्यावर, तीनदा पाण्यात बुडवून देतात. नव्या चर्चने दोन्ही रीती मान्य केल्या. कुणालाही आपली श्रद्धा खोटी म्हणावी लागली नाही, हे या एकीकरणाचं खरं मोठेपण.

खटके उडाले ते मालमत्तेवरून. गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीच्या संस्थेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की एकीकरणाच्या नुसत्या ठरावाने नोंदणीकृत संस्था विसर्जित होत नाही आणि तिच्या विश्वस्त मालमत्तेची मालकीही बदलत नाही. एका प्रभूची लेकरं वर्षानुवर्षं कोर्टात समोरासमोर उभी राहिली, याचं दुःख कायद्याच्या कोणत्याही निकालाने फिटत नाही.

एकी जपली जाते ती रोजच्या वागण्यात. ब्रदरन परंपरेत प्रभुभोजनाआधी प्रीतिभोजन होतं आणि मंडळीतली माणसं एकमेकांचे पाय धुतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातली येशूची कृती ब्रदरन अशी आजही पाळतात. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात १९७० च्या दशकात अँग्लिकन आणि कॅथलिक भगिनी एका छपराखाली राहू लागल्या. त्यांच्या चर्चसंस्था आजही वेगळ्या आहेत, पण रोजची प्रार्थना आणि रोजचं जेवण त्यांनी एकत्र केलं.

जात, धर्म आणि भाषा यांवरून माणसं रोज तुटत असताना ख्रिस्ती मंडळ्यांनी प्रेमाचा उपदेश करायचा, तर आधी त्यांचं आपसातलं येणंजाणं दिसायला हवं. हिशेब सर्वांसमोर मांडावा, एकमेकांच्या पाळकाला व्यासपीठ द्यावं, दुसऱ्या पंथाच्या घरी आजारपणात आणि मर्तिकाला न बोलावता जावं. एवढं झालं, तर एकीचा ठराव टिकेल. आणि ठराव झाला नाही, तरी मंडळी एकच राहील.