सहा महिन्यांपूर्वी जंताची गोळी दिली होती, मग पुन्हा कशाला?

राष्ट्रीय जंतनाशक दिन आला की आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या शाळा-अंगणवाड्यांतही अल्बेंडाझोलच्या गोळ्या येतात. १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी २०१५ साली सुरू झालेला हा कार्यक्रम. आणि दरवेळी एखादे पालक विचारतातच, "सर, मागच्या वेळी दिली होती की! आता परत कशाला?"

प्रश्न रास्त आहे. गोवर एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही. मग जंत का होतात? गूळ-साखर खाल्ल्याने नक्कीच नाही! अंडी मातीतून हाताला आणि हातातून तोंडात जातात, अंकुशकृमी तर अनवाणी पायातून शिरतो. पण खरं उत्तर आपल्या टी पेशींत आहे.

टी पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या मुकादम. पण त्या सहजासहजी कामाला लागत नाहीत. बँकेचं लॉकर आठवा, दोन किल्ल्या लागतात. जंताच्या प्रथिनाचा तुकडा दुसरी एक पेशी टी पेशीला दाखवते, ही पहिली किल्ली. त्याच पेशीवरचं बी-७ नावाचं प्रथिन टी पेशीवरच्या सीडी-२८ ला जुळावं लागतं, ही दुसरी. हिलाच सहउद्दीपन म्हणतात. नुसती पहिली लागली तर टी पेशी उलट सुस्त पडते. हे बरंच आहे म्हणा, नाहीतर कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या प्रथिनांवरही आतड्यात रोज लढाई झाली असती.

दोन्ही किल्ल्या लागल्या की जंतांविरुद्ध टी-एच-२ प्रकारच्या मदतनीस पेशी तयार होतात. त्यांच्या रासायनिक निरोपांमुळे (इंटरल्युकिन ४, ५ आणि १३) आतड्यात चिकट स्राव वाढतो, आतड्याची हालचाल जोरात होते, रक्तात इओसिनोफिल वाढतात. जंताला मारण्यापेक्षा ढकलून बाहेर काढायचा हा डाव. १९९० च्या दशकात उंदरांवर प्रयोग झाले. बी-७ झाकून ठेवल्यावर आतड्यातल्या कृमीविरुद्धचा हा पहिला प्रतिसाद उभाच राहिला नाही.

आता गंमत पुढे आहे. टी पेशीवर काही काळाने सीटीएलए-४ येतं. ते बी-७ ला सीडी-२८ पेक्षा घट्ट पकडतं, म्हणजे हा ब्रेक. (याच प्रथिनापासून बनवलेलं अबॅटासेप्ट हे औषध संधिवातात वापरतात.) जंत महिनोन्‌महिने राहिले की असे ब्रेक लावणाऱ्या नियामक टी पेशी वाढतात. त्यामुळे आतड्याची नासधूस टळते, पण जंतही आरामात राहतो. गोल कृमीची एक मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते! म्हणून गोवरासारखं पक्कं संरक्षण इथे मिळत नाही.

गोळीही प्रतिकारशक्तीला काही शिकवत नाही. ती जंताला साखर शोषू देत नाही, तो उपाशी मरतो. एक-दोन दिवसांत औषध शरीरातून निघून जातं आणि उद्या पोटात गेलेलं अंडं पुन्हा नव्याने सुरुवात करतं.

ज्या मुलाच्या पोटात जंत जास्त, त्याला गोळीनंतर थोडी मळमळ किंवा पोटदुखी होऊ शकते. जंत मरत असल्याने तसं होतं, पालकांना हे आधीच सांगून ठेवा. गोळी चावूनच खायला लावावी. त्या दिवशी मूल आजारी असेल तर देऊ नये, राहिलेल्या मुलांसाठी नंतरचा दिवस ठरलेला असतो.