देहातील पानगळ



स्मृतिव्याख्यानासाठी मरणाशी निगडित असा विषय मी हेतुपुरस्सर निवडला आहे. मात्र हे मरण माणसाचे नव्हे. माणूस जिवंत राहावा म्हणून त्याच्या देहात क्षणोक्षणी घडणारे पेशींचे मरण होय. प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज सुमारे ३३ हजार कोटी पेशी संपतात आणि जवळजवळ तितक्याच नव्या पेशी त्यांची जागा घेतात, असा हिशेब इस्रायलमधील दोन संशोधकांनी २०२१ मध्ये मांडला. त्यांतील बहुसंख्य पेशी रक्तातील असतात. त्वचेवरील पेशी झडून जातात, आतड्याच्या अस्तरातील पुष्कळशा पेशी मळावाटे बाहेर पडतात. परंतु शरीराच्या अंतर्भागातील पेशींना अशी वाट नसते. छातीतील थायमस ग्रंथीत निर्माण होणाऱ्या पेशींपैकी ९० टक्क्यांहून अधिक पेशी तिथेच मरतात; तरीही त्या ग्रंथीचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर मृत पेशी थोड्याच आढळतात. मरण विपुल, आणि कलेवर मात्र क्वचितच दृष्टीस पडते! या कोड्याचा उलगडा करणे, हेच माझ्या आजच्या विवेचनाचे प्रयोजन आहे.

उलगड्याचा पहिला धागा १८८२ मध्ये हाती लागला. इल्या मेच्निकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तेव्हा सिसिली बेटावरील मेसिना येथे राहत होता. तारामाशाच्या पारदर्शक डिंभात त्याने बारीक काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! परक्या वस्तूला वेढून गिळणाऱ्या या पेशींना भक्षकपेशी असे नाव मिळाले, आणि या कार्यासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक मेच्निकॉव्हला पॉल एर्लिच यांच्यासमवेत देण्यात आले. भक्षकपेशी म्हटल्या की आपल्याला रोगजंतूंशी लढणारे सैनिक आठवतात. परंतु त्यांचा रोजचा व्यवसाय युद्धाचा नसून सफाईचा आहे.

ही सफाई समजण्यासाठी पेशी कशी मरते ते पाहिले पाहिजे. भाजणे, चिरडणे किंवा रक्तपुरवठा तुटणे अशा आघाताने पेशी मरते, तेव्हा ती फुगते, तिचे पटल फाटते आणि आतील द्रव्ये सभोवार सांडतात. त्यामुळे शेजारच्या पेशींना इजा होते. तो भाग सुजतो, लाल होतो, ठणकतो. याला नेक्रोसिस म्हणतात. दुसरा प्रकार अगदी निराळा. त्यात पेशी स्वतःच आपला अंत घडवून आणते. ती आक्रसते, केंद्रकातील द्रव्याचे तुकडे होतात आणि अखेर पटलात नीट गुंडाळलेली लहान लहान गाठोडी उरतात. बाहेर काहीही सांडत नाही. या मरणाचे वर्णन कर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये केले आणि त्याला अपॉप्टोसिस हे नाव दिले. हा ग्रीक शब्द झाडाची पाने गळण्याचा वाचक आहे. आपल्या भाषेत आपण त्याला पेशींची पानगळ म्हणू या. बेडकाच्या पिल्लाची शेपटी नाहीशी होते ती या पानगळीने. गर्भावस्थेत आपल्या बोटांमधील पडदा जाऊन बोटे सुटी होतात तीही हिच्यामुळेच.

परंतु गळलेले पान कोणी तरी उचलावे लागते. जिवंत पेशींच्या दाटीतून मरणारी पेशी ओळखायची कशी? पेशीपटल मेदद्रव्यांच्या दोन थरांचे असते. त्यातील फॉस्फॅटिडिलसेरीन हे द्रव्य जिवंत पेशीत आतल्या थरात राखलेले असते. पेशी मरणपंथाला लागली की ते बाहेरच्या थरावर येते. भक्षकपेशीच्या दृष्टीने ही जणू ‘मला उचला’ अशी पाटीच. उलट धडधाकट पेशींच्या अंगावर ‘मला खाऊ नका’ असे सांगणारी प्रथिने असतात. खूण पटताच भक्षकपेशी ते गाठोडे आत घेते, पाचकरसांच्या पिशवीत त्याचे विघटन करते आणि उपयुक्त घटक पुन्हा वापरात आणते. हे काम केवळ खास भक्षकपेशीच करतात असेही नाही. कित्येकदा शेजारची साधी पेशीही ते उरकते. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या सूक्ष्म कृमीच्या वाढीत १,०९० पेशींपैकी नेमक्या १३१ मरतात. त्याच्याजवळ खास भक्षकपेशी नसल्याने तिथे सगळी सफाई शेजारीच करतात.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. जंतू गिळणारी भक्षकपेशी धोक्याची घंटा वाजवते. पानगळीतील पेशी गिळणारी भक्षकपेशी मात्र दाह शमवणारी द्रव्ये सोडते. म्हणजे ती कचरा तर उचलतेच, शिवाय ‘इथे सारे क्षेम आहे’ असा निरोपही देते.

या व्यवस्थेतील काटकसर रक्तात उत्तम दिसते. तांबड्या पेशीला केंद्रक नसल्याने तिच्या अंताची रीत थोडी वेगळी. पण सफाई करणारे हात तेच. सुमारे १२० दिवसांचे आयुष्य संपले की प्लीहा आणि यकृतातील भक्षकपेशी तिला गिळतात. दर सेकंदाला अशा वीस लाखांहून अधिक पेशी मोडीत निघतात. त्यांतून दिवसाकाठी २० ते २५ मिलिग्रॅम लोह परत मिळते. अन्नातून शरीरात शोषले जाणारे लोह अवघे १ ते २ मिलिग्रॅम. ही मोडतोड आपल्याला डोळ्यांनीही पाहता येते. मुका मार लागून काळीनिळी पडलेली जागा काही दिवसांनी हिरवट आणि मग पिवळी होते, ती भक्षकपेशी सांडलेल्या रक्तातील रंगद्रव्याचे टप्प्याटप्प्याने विघटन करतात म्हणून.

ही सफाई अडली तर? ल्युपस या विकारात मृत पेशींचे अवशेष वेळेवर उचलले जात नाहीत; केंद्रकातील द्रव्य उघडे पडते आणि शरीर स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते. सफाईला साहाय्य करणारे सी१क्यू हे प्रथिन ज्यांच्यात जन्मतः नसते, त्यांतील बहुतेकांना हा किंवा यासारखा विकार जडतो. हृदयाच्या धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल गिळून तट्ट झालेल्या भक्षकपेशी स्वतःच मरतात. त्यांना उचलणारे अपुरे पडले की आत मृत द्रव्याचा गाळ साचतो, वरचे आवरण फुटते, रक्ताची गुठळी होते आणि हृदयविकाराचा झटका येतो. डोळ्याच्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशी आपली जीर्ण टोके रोज टाकतात व लगतचा पेशीथर ती गिळतो. एका जनुकातील दोषाने हे गिळणे थांबले, तर दृष्टी हळूहळू नष्ट होते. म्हणूनच ही मंदावलेली सफाई पुन्हा सुरळीत कशी करता येईल, याचा शोध आज औषधशास्त्र घेत आहे.

मित्रहो, पेशी मेल्या म्हणून शरीर बिघडते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. खरे पाहता पेशींचे मरण हा निरोगी जीवनाचाच भाग आहे. ते अदृश्य राहते ते त्याची विल्हेवाट तत्परतेने लागते म्हणून. शरीर बिघडते ते मेलेले वेळेवर उचलले न गेल्याने. जन्माला आलेल्या पेशींची मोजदाद आपण कौतुकाने करतो. गेलेल्यांना निमूटपणे उचलणाऱ्या, आणि त्यांच्यापाशी होते ते वाया जाऊ न देणाऱ्या या पेशींचीही जाण आपण ठेवावी, एवढेच या प्रसंगी नम्रपणे सुचवतो आणि आपली रजा घेतो.