एकीचे दुखणे, दुसरीची सोबत

ऑक्टोबर महिना आपल्या घराघरांत जपमाळेचा महिना म्हणून पाळला जातो. अलीकडे ह्याच महिन्यात स्त्रियांना होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाविषयी जगभर जागृती करण्यात येते. ह्या विषयावर लिहावे की न लिहावे, असा विचार आम्ही पुष्कळ दिवस करीत होतो. हे साप्ताहिक आजीपासून नातवापर्यंत सर्वांच्या हाती पडते, आणि शरीराच्या काही भागांचा उच्चार चारचौघांत करावयाचा नाही, असे वळण आपणां सर्वांस लहानपणापासून लागलेले आहे. आम्हीही त्याच वळणात वाढलो. परंतु ह्या संकोचापायी आमच्या डोळ्यांदेखत एक घर पोरके झाले, आणि म्हणून लेखणी उचलणे प्राप्त झाले.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. आमच्या सीमाभागातील धर्मग्रामात एका वाडीवर एक बाई राहत असत. वय पंचेचाळिशीच्या आतबाहेर. भाताच्या लावणीत त्या कोणास हार जात नसत. त्यांच्या उजव्या स्तनात एक गाठ आली. ती दुखत नव्हती, आणि दुखत नाही म्हणून त्यांनी ती वर्षभर कोणासही सांगितली नाही. धनी गोव्यात कामाला, मुलगे वयात आलेले, जवळचा डॉक्टर पुरुष, आणि आम्हीही पुरुषच. दर महिन्यास आम्ही त्या घरी जात होतो, अंथरुणास खिळलेल्या सासूबाईंस ख्रिस्तप्रसाद देत होतो, चहा घेत होतो. त्या बाई पदर सावरून बाजूस उभ्या असत. गाठीची जखम झाली तेव्हा कोठे घरात कळले. मग प्रथम एका वैदूचा लेप झाला आणि त्यानंतर इस्पितळ. पुढचा ईस्टरचा सण त्यांनी पाहिला नाही.

त्यांच्या महिन्याच्या मिस्सेनंतर त्याच वाडीतील दुसऱ्या एक बाई आमच्याकडे आल्या. वय साठीच्या घरात. थोडा वेळ त्या नुसत्याच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "फादर, मला हेच दुखणे झाले होते. सात वर्षे झाली. मुंबईस ऑपरेशन झाले. मी जिवंत आहे."

आम्ही थक्क झालो. सात वर्षांपूर्वी ह्या बाईंचे 'पोटाचे ऑपरेशन' झाले, हे सर्व वाडीस ठाऊक होते. त्या वेळी मुलीचे लग्न ठरावयाचे होते. आईचे दुखणे कळले तर सोयरीक मोडेल, ह्या भयाने घरच्यांनी तसे सांगितले होते. त्यांना आम्ही दोष देणार नाही. असे भय किती घरांत आहे, हे आम्ही जाणतो. परंतु त्या दोन घरांना विहीर एकच. दोघी रोज तिथे पाणी शेंदीत होत्या. एकीस ह्या दुखण्याची सारी माहिती होती, दुसरीस तिची नितान्त गरज होती, आणि दोघीही गप्प राहिल्या. "मी बोलले असते तर ती वेळेवर गेली असती," असे म्हणून त्या रडू लागल्या. आम्हांस उत्तर सुचले नाही.

ह्या बाईंस आता सारी वाडी मावशी म्हणते. आपणही तेच म्हणू. त्या दिवसापासून त्यांनी आपले दुखणे लपविणे सोडून दिले.

दोन वर्षांनी शेजारच्या गावची एक तरुण सून, वय अडतीस, मिस्सा संपल्यावर मावशींस चर्चच्या आवारात गाठून हळूच काही बोलली. "घाबरू नकोस, काही होणार नाही," असे मावशी म्हणाल्या नाहीत. हे वाक्य आपण सर्वजण म्हणतो आणि आम्हीही शेकडो वेळा म्हटले आहे. पण ज्याच्यावर प्रसंग गुदरतो त्यास त्याचा आधार वाटत नाही. मावशी म्हणाल्या, "उद्या सकाळच्या गाडीने जाऊ. मी येते." तपासणी झाली, गाठीचा तुकडा काढून पाहिला, आणि जे नको तेच निघाले. सुदैवाने गाठ लहान होती.

पुढील आठ महिन्यांत मावशींनी काय काय केले, हे दोघींच्या संमतीने येथे लिहीत आहोत. दर तीन आठवड्यांनी शिरेवाटे औषध द्यावयाचे होते, ज्यास आता सर्वजण केमो म्हणतात. ते सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत केस जाऊ लागतात. मावशींनी ते गळण्याची वाट पाहू दिली नाही. पहिल्या औषधानंतर स्वतःच्या हाताने तिचे केस आखूड कापले. सकाळी उशीवर मूठमूठ केस पाहणे फार वाईट, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. तोंड आले तेव्हा तिखटाशिवाय मऊ पेज करून पाठविली. तिच्या नवऱ्यास बजावून ठेवले की, ह्या औषधांच्या दिवसांत ताप आला तर सकाळ होण्याची वाट पाहावयाची नाही, रात्री असेल तर रात्रीच इस्पितळ गाठावयाचे. कारण रक्तातील रोगाशी झुंजणाऱ्या पेशी त्या काळात फार कमी होतात आणि साधा तापही जिवावर बेतू शकतो. एकदा मध्यरात्री खरोखरच ताप चढला, आणि तो नवरा पावसात जीप मिळवून तिला घेऊन गेला. पुढे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मावशींनी दार लावून घेतले आणि आपला व्रण तिला दाखविला. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून तिला समजावले होते. तरी त्या रात्री प्रथमच नीट झोप लागली, असे ती सांगते.

हे काम डॉक्टरांचे नव्हे, धर्मगुरूचेही नव्हे, आणि कितीही प्रेमळ असला तरी नवऱ्याचे नव्हे. ते त्या वाटेने गेलेल्या बाईचेच आहे.

ही गोष्ट प्रथम ओळखली ती न्यूयॉर्कच्या टेरेसे लॅसर नावाच्या एका बाईंनी. १९५२ साली त्यांचा स्तन काढण्यात आला. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथीही काढीत असत. गाठ लहान असेल तर तेवढीच काढून किरणोपचार देणे जीव वाचविण्याच्या दृष्टीने तितकेच परिणामकारक ठरते, असे दाखविणारे बर्नार्ड फिशर ह्यांच्या चाचणीचे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. ती वेळ अजून दूर होती. शस्त्रक्रिया झाल्यावर हात कसा हलवावा, कपडे कसे घालावे, हे लॅसरबाईंस कोणी सांगेना. तेव्हा त्या स्वतःच इस्पितळांतून अशा स्त्रियांच्या खाटांपाशी जाऊ लागल्या. बरोबर एक रबरी चेंडू, एक दोरी आणि पोलक्यात घालावयाची मऊ घडी असे. चेंडू मुठीत दाबावयाचा आणि दोरीच्या आधाराने हात वर न्यावयाचा. काही शल्यचिकित्सकांस ही लुडबुड रुचली नाही. परंतु १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हे कार्य आपल्याकडे घेतले, आणि पुढे ते देशोदेशी गेले.

हाताचा विषय निघाला म्हणून आणखी एक हकीकत सांगतो. आम्हांस ती फार आवडते. काखेतील ग्रंथी काढल्या किंवा त्यांवर किरणे दिली की, पाटात माती पडून पाणी तुंबावे तसे शरीरातील लस नावाचे पाणी हातात तुंबू शकते, आणि हात सुजतो. म्हणून त्या हाताने जड उचलू नका, जोराची हालचाल करू नका, असे स्त्रियांस वर्षानुवर्षे सांगण्यात येई. खेड्यातील बाईने घागर उचलावयाची नाही, जाते ओढावयाचे नाही, तर तिने करावे तरी काय? कॅनडातील व्हँकुव्हर शहरी डॉन मॅकेन्झी नावाच्या डॉक्टरांस ह्या समजुतीविषयी शंका होती. १९९६ साली त्यांनी हा रोग झालेल्या चोवीस स्त्रिया जमविल्या आणि प्रथम व्यायामशाळेत व मग ड्रॅगन होडीत त्यांना वल्ही मारावयास शिकविले. ही मूळची चीन देशातील लांबट होडी. तिला पुढे ड्रॅगनचे तोंड, मागे शेपूट. वीसजण दोन-दोनच्या ओळींनी वल्हवतात, एकजण ढोल वाजवितो आणि एकजण मागे उभा राहून सुकाणू धरतो. त्या स्त्रिया हंगामभर वल्हवीत राहिल्या आणि शर्यतीतही उतरल्या. कोणाचाही हात नव्याने सुजला नाही. आज डॉक्टर हळूहळू वाढवीत नेलेल्या व्यायामास हरकत घेत नाहीत, उलट तो करावयास सांगतात. मात्र प्रत्येकीने आपल्या डॉक्टरांस विचारूनच तो करावा, आणि हात जड वाटू लागला तर दाखविण्यास विलंब करू नये.

तो प्रयोग संपल्यावरही त्या स्त्रियांनी होडी सोडली नाही. आता अनेक देशांत अशा होड्या आहेत, आणि त्यांचे मेळे भरतात. मेळ्यात एक वेळ अशी येते की, साऱ्या होड्या पाण्यावर एकमेकींस लागून उभ्या राहतात, ढोल थांबतो, आणि गेलेल्या मैत्रिणींसाठी गुलाबी फुले पाण्यात सोडण्यात येतात. कारण ह्या मैत्रीत मरणही येते.

ह्याविषयी स्पष्ट बोलणे आम्हांस आवश्यक वाटते. १९८९ साली अमेरिकेतील डेव्हिड स्पीगेल व त्यांचे सहकारी ह्यांनी असे प्रसिद्ध केले की, रोग शरीरात पसरलेल्या ज्या स्त्रिया वर्षभर दर आठवड्यास एकत्र बसून मन मोकळे करीत होत्या, त्या सरासरी ३७ महिने जगल्या, आणि ज्या तशा बसत नव्हत्या त्या १९ महिने. साऱ्या जगास आनंद झाला. परंतु शास्त्र एका दाखल्यावर थांबत नसते. २००१ साली कॅनडात २३५ स्त्रियांची अशीच पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा दोन्ही गटांचे आयुष्य सारखेच, सुमारे १८ महिने, भरले. फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीत. एकत्र बसणाऱ्या स्त्रियांचे मन अधिक शांत राहिले आणि त्यांना वेदना कमी जाणवल्या; ज्या आरंभी अधिक खचलेल्या होत्या, त्यांना हा लाभ विशेष झाला. तेव्हा मैत्रीने कर्करोग बरा होतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये, आणि मैत्री आहे म्हणून औषध टाळू नये. उलट, मन खंबीर ठेवले नाही म्हणून रोग वाढला, असा ठपका तर कोणत्याही आजारी बाईवर ठेवू नये. तो अन्याय आहे. आजार हा पापाचा दंड आहे काय, असे शिष्यांनी जन्मांध माणसाविषयी विचारले तेव्हा प्रभूने तो तर्क साफ नाकारला होता. तरी आपल्या वाड्यांवर तो अजून ऐकू येतो.

मैत्रीने वेळेवर जाणे मात्र घडते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली शहरातील वस्त्यांत एक मोठे काम आरंभिले. ३५ ते ६४ वर्षांच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांची त्यात नोंद झाली. त्यांतील निम्म्यांची तपासणी दर दोन वर्षांनी, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हातांनी केली. कोणतेही यंत्र नव्हते. वीस वर्षांच्या नोंदी २०२१ साली प्रसिद्ध झाल्या. तपासलेल्या स्त्रियांत रोग आधीच्या अवस्थेत सापडला, आणि ५० वर्षांवरील स्त्रियांत ह्या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात तसा लाभ दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु गाठ हातास लागल्यावर दाखविण्यास वयाची अट नाही. स्त्रीने स्त्रीस तपासल्यावर काय साधते, ते ह्यात दिसते. आपल्या देशात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत ह्याचाच क्रमांक पहिला आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी मावशींनी सांगावयास सांगितल्या आहेत. मुंबईस जाणाऱ्यांनी राहण्याच्या चिंतेने पाऊल मागे घेऊ नये. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तेथे परगावचे कर्करोगाचे रुग्ण उतरतात. मावशींची पहिली मैत्रीण तेथेच भेटली, ती बिहारची. एकीस दुसरीची भाषा येत नव्हती. इस्पितळाचा दाखला असल्यास रुग्णास व सोबत्यास रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. काहींना शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षे, कधी दहा वर्षे, रोज एक गोळी घ्यावी लागते. वर्षभरात बरे वाटू लागले की बायका ती सोडून देतात, तसे करू नये. मावशी त्या सुनेस अजून विचारतात, "गोळी घेतलीस ना गं?"

आमच्या स्वतःविषयीही एक कबुली द्यावयाची आहे. त्या सुनेच्या आजारपणात आम्ही प्रथम भेटावयास गेलो, तेव्हा देवाची इच्छा, सहनशीलता आणि क्रूस ह्यांविषयी अर्धा तास बोललो. ती ऐकत होती. निघताना मावशी आम्हांस अंगणापर्यंत पोचवावयास आल्या आणि म्हणाल्या, "फादर, ते सगळं खरं आहे. पण पुढच्या बुधवारी गाडीचे पैसे कमी पडतात." तेव्हापासून अशा घरी गेलो की आम्ही आधी विचारतो, पुढची तारीख कोणती आणि सोबत कोण जाणार.

५ फेब्रुवारी हा संत आगाथेचा सण. तिसऱ्या शतकातील सिसिलीच्या ह्या हुतात्मा कुमारिकेचे स्तन छळकर्त्यांनी कापले, अशी परंपरा आहे. म्हणून ह्या रोगाच्या स्त्रिया तिची मध्यस्थी मागतात. त्या दिवशी आम्ही त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करू लागलो. पहिल्या वर्षी तिघी आल्या आणि तीन वेगवेगळ्या बाकांवर बसल्या. यंदा नऊजणी होत्या, त्यांत दोन हिंदू भगिनी. मिस्सेनंतर त्या बाहेर आंब्याखाली बसून राहिल्या. आम्ही चहा घेऊन गेलो तेव्हा कोणाचा हात किती वर जातो, हे त्या भिंतीशी उभ्या राहून मोजीत होत्या, आणि मावशींच्या हाती खडू होता.