नावातली चूक हयातीतच दुरुस्त करा



गळीत हंगाम तोंडावर आला की एक तक्रार हमखास येते. सात-बाऱ्यावर नाव ‘गणू’, शेअरच्या दाखल्यावर ‘गणपती’ आणि आधार कार्डावर ‘गणपत’. माणूस एकच. सारा गाव ओळखतो, पण कागद ओळखत नाही. नाव जुळलं नाही की बँकेत पैसे अडकतात. सभासद वारल्यावर तर ‘हा आमचाच बाप’ हे दाखवायला पोरांना हेलपाटे घालावे लागतात. म्हणून हे काम ज्याचं त्याने हयातीतच उरकावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

आधी घरातले सगळे कागद एकत्र मांडा आणि कोणतं नाव कायम ठेवायचं ते ठरवा. घाई करू नका. कारण आधारवर नाव साधारणपणे दोनदाच बदलून मिळतं आणि जन्मतारीख एकदाच. ती संधी वाया घालवू नका.

आता सात-बारा. ज्या फेरफाराने नाव लागलं, त्याची नक्कल काढा. फेरफारात नाव बरोबर आणि उताऱ्यावर चुकलेलं असेल, तर ती लिहिण्यातली चूक. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करावा. सोबत फेरफाराची नक्कल जोडावी. खरेदीखतातच चूक असेल तर मात्र दुय्यम निबंधकाकडे चूक दुरुस्तीचा दस्त करावा लागतो. त्याला जमीन देणाराही सहीला लागतो. तो हयात आहे तोवरच हे करून घेतलेलं बरं.

भगिनींच्या बाबतीत सात-बाऱ्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, असं नेहमी होतं. त्यांनी विवाह नोंदणीचा दाखला जपून ठेवावा.

‘दोन्ही नावांची व्यक्ती मीच’ असं प्रतिज्ञापत्र करून बरेचजण निर्धास्त होतात. त्याने तेवढ्यापुरतं काम भागतं, मूळ नोंदीतली चूक तशीच राहते.

शेवटी आपल्या कारखान्याचं. शेअरचा दाखला, आधार आणि सात-बारा घेऊन शेअर विभागात या आणि नाव ताडून पाहा. लावलेल्या वारसाचं नावही त्याच वेळी तपासा. आणि कुठल्याही कचेरीत अर्ज दिला तरी पोच घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.

— संपादक मंडळ